टाका न घालता बसवलेले भिंग: कोणती पद्धत कोणत्या डोळ्याला मानवते

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम भिंग मूळ भिंगाच्या ज्या पातळ पिशवीत ठेवले जाते, ती पिशवी शाबूत असेपर्यंत भिंगाला धरून ठेवण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. अडचण येते ती पिशवीच निकामी झाल्यावर. शस्त्रक्रिया चालू असताना पिशवीची मागची बाजू फाटते. बैलाचे शिंग, विटी किंवा क्रिकेटचा चेंडू लागून पिशवीला तोलून धरणारे झोन्यूलचे तंतू तुटतात. मार्फन सिंड्रोम या जन्मजात विकारात हे तंतू मुळातच दुबळे असतात. आणि स्यूडोएक्स्फोलिएशन, म्हणजे डोळ्यात भुरकट कण साचण्याचा विकार, असलेल्या वयस्कर डोळ्यांत तर उत्तम झालेल्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी पिशवीसकट भिंग खाली घसरते. अशा डोळ्यात भिंग कशाच्या आधाराने बसवायचे, याची जी उत्तरे गेल्या काही दशकांत निघाली, त्यांपैकी टाक्याची गरज नसलेल्या पद्धतींचे हे परीक्षण आहे. रुग्णालयांच्या फलकांवर ज्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेची जाहिरात असते, तिचा संबंध वरच्या जखमेशी असतो. इथे प्रश्न भिंग डोळ्याच्या भिंतीशी बांधणाऱ्या टाक्याचा आहे.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रशल्यचिकित्सा करतो. त्यामुळे माझी कसोटी मोठ्या संस्थांपेक्षा थोडी वेगळी राहणार, हे आधीच सांगितलेले बरे. पद्धत सुंदर आहे की नाही, यापेक्षा ती मोजक्या साधनांत जमते का, बिघडली तर सावरता येते का आणि सहा महिने फिरकलाच नाही अशा रुग्णाच्या डोळ्यातही ती टिकते का, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

टाक्याने भिंग बसवण्याची जुनी रीत टाकाऊ होती, असे मुळीच नाही. तिच्यात वापरला जाणारा १०-० पॉलिप्रॉपिलीनचा धागा केसापेक्षाही बारीक असतो आणि वर्षानुवर्षे डोळ्यात राहिल्यावर तो झिजून तुटू शकतो, ही तिची खरी उणीव. सत्तरीच्या रुग्णात हा धोका कदाचित प्रत्यक्षात येणारही नाही, पण विशीतल्या तरुणाला त्याच धाग्यावर पुढची पन्नास वर्षे काढायची असतात. म्हणून पुढे त्याहून जाड ९-० आणि मग गोअर-टेक्स या टिकाऊ कृत्रिम पदार्थाचा धागा वापरात आला. दुसरी उणीव गाठीची: वरचे पातळ आवरण झिजून गाठ उघडी पडली की जंतूंना थेट आत जाण्याची वाट मिळते. टाका नको, या विचाराचा उगम या दोन अनुभवांत आहे, आणि पुढच्या प्रत्येक पद्धतीला याच दोन प्रश्नांवर तपासायला हवे.

विचार तसा साधा होता. तीन भागांच्या भिंगाला दोन बाजूंना हॅप्टिक नावाचे बारीक, वक्र पाय असतात. ते पायच श्वेतपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीच्या जाडीत बोगदा करून खुपसून ठेवले, तर धाग्याची गरज उरत नाही. मॅगी आणि मॅगी यांनी १९९७ मध्ये या दिशेने पहिले पाऊल टाकले. गाबोर शारिओथ आणि पाव्लिडिस यांनी २००७ मध्ये बाजारात मिळणारे साधे तीन भागांचे भिंग घेऊन, त्याचे पाय लिंबसला, म्हणजे डोळ्याचा काळा आणि पांढरा भाग मिळतो त्या कडेला, समांतर अशा बोगद्यात ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. आजच्या बहुतेक पद्धती या बोगद्याच्याच वंशातल्या आहेत.

भारतात मात्र हा विषय घरोघरी, म्हणजे थिएटरोथिएटरी, पोहोचवला तो चेन्नईच्या अमर अगरवाल यांनी. त्यांच्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ग्लूड आयओएल' (आयओएल म्हणजे कृत्रिम भिंग) पद्धतीत एकमेकांसमोर, बरोबर १८० अंशांवर, श्वेतपटलाचे दोन अर्धजाडीचे पापुद्रे उचलले जातात. त्यांच्या खाली लिंबसपासून साधारण १ मिलिमीटरवर छिद्र करून भिंगाचे पाय बाहेर काढले जातात, पापुद्र्याच्या कडेला सुईने केलेल्या छोट्या बोगद्यात सरकवले जातात आणि शेवटी फायब्रिन ग्लू या जैविक डिंकाने पापुद्रे चिकटवले जातात. नावामुळे रुग्णाचाच काय, नवशिक्या डॉक्टराचाही समज होतो की भिंग ग्लूने चिकटवले आहे. ग्लू काही दिवसांत विरघळून जातो. भिंगाला धरणारा असतो तो बोगदा. ग्लू पापुद्रा बंद करतो, गळती थांबवतो आणि सुरुवातीच्या दिवसांत पाय हलू देत नाही.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे ती चुका पोटात घालते. पाय हातातून सुटला, थोडा वाकला, एका बाजूला जास्त बाहेर आला, तरी डोळ्याच्या आत एका चिमट्यातून दुसऱ्या चिमट्यात पाय सोपवण्याची जी 'हँडशेक' युक्ती अगरवालांनीच रूढ केली, तिने सारे पुन्हा जागेवर आणता येते. दोन्ही बाजूंना पाय किती लांबीचा बोगद्यात गेला आहे, हे डोळ्यांनी दिसते आणि भिंग मध्यावर येईपर्यंत कमी-जास्त करता येते. भिंगाच्या निवडीलाही ती फारशी चोखंदळ नाही. इतकेच नव्हे, आधीपासून डोळ्यात असलेले तीन भागांचे भिंग घसरले असेल तर तेच वर आणून बसवता येते.

दोष दोन. पहिला वेळेचा: कंजंक्टायव्हा, म्हणजे पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण, सोडवणे, पापुद्रे उचलणे, रक्तस्राव थांबवणे यांत बराच वेळ जातो, आणि आधीच काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात तर पापुद्र्यासाठी चांगली जागाच उरलेली नसते. दुसरा ग्लूचा. तो मानवी रक्तद्रवापासून बनतो, २ ते ८ अंश तापमानात ठेवावा लागतो, शस्त्रक्रियेच्या ऐन वेळी त्यातले फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन वेगवेगळे तयार करावे लागते आणि एकदा तयार केल्यावर तो दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवता येत नाही. नवी मुंबईतल्या रबाळे येथील रिलायन्स लाइफ सायन्सेसचा 'रेलिसील' आल्यापासून परदेशी ग्लूवरचे अवलंबन कमी झाले, ही चांगली गोष्ट घडली. तरीही ज्या गावात एका डोळ्यासाठी पूर्ण किट फोडायचे, तिथे खर्चाचा बोजा रुग्णावरच पडतो. अनेक सहकारी ग्लू न वापरता पापुद्र्याला एखादा टाका घालून मोकळे होतात आणि त्यांचे निकाल वाईट नसतात, यावरूनही या पद्धतीत खरे काम कोण करतो ते कळते.

आता यामाने. योकोहामा सिटी विद्यापीठाच्या शिन यामाने यांनी २०१७ मध्ये जी दोन सुयांची पद्धत प्रसिद्ध केली, तिने पापुद्रे, ग्लू आणि कंजंक्टायव्हाची कापाकापी हे सगळेच काढून टाकले. लिंबसपासून २ मिलिमीटरवर कॅलिपरने खूण करायची, पातळ भिंतीची ३० गेज सुई कंजंक्टायव्हामधूनच श्वेतपटलात तिरकी शिरवून आत न्यायची, भिंगाचा पुढचा पाय चिमट्याने त्या सुईच्या पोकळीत घालायचा, मग समोरच्या बाजूने दुसरी सुई आणून मागचा पाय तिच्यात घालायचा आणि दोन्ही सुया बाहेर ओढायच्या. पाय बाहेर आले की उष्ण कॉटरी, म्हणजे डाग देण्याचे तापलेले साधन, त्यांच्या टोकाजवळ न्यायची. टोक वितळून तिथे सुमारे ०.३ मिलिमीटरची गोलसर घुंडी तयार होते, तिला फ्लँज म्हणतात. ही घुंडी श्वेतपटलाच्या जाडीत हलकेच ढकलली की खिळ्याच्या डोक्याप्रमाणे ती पायाला आत घसरू देत नाही.

वाचताना हे पाच मिनिटांचे काम वाटते आणि ध्वनिचित्रफितींत ते तसेच दिसतेही. प्रत्यक्षात सगळी कसोटी मागच्या पायाशी लागते. पुढचा पाय आधीच सुईत अडकलेला, ती सुई सहायकाच्या हातात किंवा पापणीवर टेकवलेली, भिंग बाहुलीच्या मागे अर्धवट तरंगत आहे, आणि तुम्हाला एका हाताने चिमट्यात धरलेला केसाएवढा पाय दुसऱ्या हातातल्या, स्वतःच थरथरणाऱ्या सुईच्या तोंडात घालायचा असतो. दोघांच्या अक्षात जरा फरक पडला की पाय सुईच्या कडेला अडून वाकतो. माझ्या थिएटरमध्ये एका भिंगाचा पाय याच क्षणी मुडपला, आणि मुडपलेला पाय सरळ करण्याच्या नादात अख्खे भिंग बाहेर काढून दुसरे घालावे लागले.

इथेच या पद्धतीबद्दल क्वचितच ठळकपणे सांगितली जाणारी गोष्ट येते: यामाने पद्धतीचे यश हाताइतकेच सामानावर ठरते. पीएमएमए या प्लास्टिकचे पाय कडक आणि ठिसूळ असतात. ते वाकले की मूळ आकाराला नीट परतत नाहीत आणि त्यांची घुंडीही आटोपशीर बनत नाही. पीव्हीडीएफ या दुसऱ्या प्लास्टिकचे पाय लवचीक असतात, ओढाताण सोसतात आणि उष्णतेने त्यांच्या टोकाला छान गोल फ्लँज येतो. झाइसचे सीटी लुसिया ६०२ हे भिंग या पद्धतीच्या शल्यचिकित्सकांचे लाडके झाले ते या पायांमुळे. पण लाडक्या भिंगालाही खोट असतेच. पाय जिथे भिंगाच्या गोल भागाला जोडलेला असतो, त्या सांध्याशी भिंग फिरून तिरके झाल्याच्या नोंदी अलीकडे प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यामुळे बाहेरचा फ्लँज पक्का आणि आतले भिंग मात्र कलंडलेले, अशी चमत्कारिक स्थिती संभवते.

सुईचेही तसेच आहे. नेहमीच्या ३० गेज सुईची आतली पोकळी हॅप्टिकसाठी फारच अरुंद पडते. पातळ भिंतीची सुई लागते, आणि ती सर्वत्र सहज मिळत नाही. मग हाताशी आहे म्हणून २६ किंवा २७ गेजची, म्हणजे जास्त जाड, सुई घेतली जाते. पाय तिच्यात बिनबोभाट जातो, शस्त्रक्रिया सोपी होते आणि सगळे खूश असतात. मात्र २६ गेज सुईचा बाहेरचा व्यास सुमारे ०.४६ मिलिमीटर असतो. त्या वाटेत ०.३ मिलिमीटरची घुंडी अडकून राहील, अशी अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची? मोठी सुई वापरायची असेल तर मोठा फ्लँज करावा लागतो, मोठ्या फ्लँजसाठी पायाची जास्त लांबी जाळावी लागते, आणि तसे करताना दोन्ही बाजूंचा ताण वाढून भिंग एकीकडे ओढले जाऊ शकते. एका ठिकाणी केलेली काटकसर अशी तीन ठिकाणी वसूल होते.

यामाने यांच्या २०१७ च्या निबंधात ९७ रुग्णांचे १०० डोळे होते. त्यांत भिंगाचा सरासरी कल ३.४ अंश होता. ८ डोळ्यांत आयरिसमध्ये, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात, भिंग अडकले, ५ डोळ्यांत व्हिट्रिअसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या पोकळीतल्या जेलीसारख्या द्रवात, रक्तस्राव झाला आणि एकात मॅक्युलाला, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाला, सूज आली. पद्धत ज्याने घडवली त्याच्या हातचे हे आकडे आहेत, हे शिकणाऱ्याने विसरू नये. दोन्ही सुया नेमक्या १८० अंशांवर शिरल्या नाहीत, किंवा एक बोगदा थोडा लांब आणि दुसरा तोकडा झाला, तर भिंग कलते, आणि कललेल्या भिंगाचा तिरका नंबर रुग्णाला आयुष्यभर चष्म्यात वागवावा लागतो. आयरिसमध्ये भिंग अडकण्याचा प्रकार टाळण्यासाठी आयरिसच्या परिघावर एक छोटे छिद्र, म्हणजे इरिडॉटॉमी, करून ठेवण्याची सवय मला उपयोगी वाटते.

हे सगळे सांगूनही कंजंक्टायव्हा जपायची असेल, डोळ्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या असतील, योग्य भिंग आणि योग्य सुई दोन्ही हाताशी असतील, तर मी यामानेच करतो. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर डोळा इतका शांत असतो की आदल्या दिवशी त्यात एवढी उलथापालथ झाली होती, हे रुग्णाच्या नातेवाइकांना खरे वाटत नाही. ज्यांना आतला मागचा पाय पकडणे अवघड जाते त्यांच्यासाठी पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयातून पुढे आलेली 'एक्स-निट' ही रीत पाहण्याजोगी आहे. तिच्यात पाय सुईत घालण्याचे काम डोळ्याच्या बाहेर उरकले जाते. ब्राझीलच्या सर्जिओ कानाब्रावा यांनी फ्लँजची कल्पना ५-० पॉलिप्रॉपिलीनच्या जाड धाग्यावर नेली. त्यात गाठ नसली तरी धागा असतोच, म्हणून ती या परीक्षणाच्या उंबरठ्यावरच थांबते.

इटलीच्या सोलेको कंपनीचे कार्लेवाले भिंग मात्र खास याच कामासाठी घडवलेले आहे. बाकी सर्व पद्धतींत दुसऱ्या जागेसाठी बनलेले भिंग आपण इथे राबवून घेतो. यात एकसंध, घडी होणाऱ्या हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी शोषणाऱ्या, अॅक्रिलिक भिंगाच्या दोन टोकांना इंग्रजी टी आकाराचे खुंटे दिलेले आहेत. ६.५ मिलिमीटरचे ऑप्टिक (भिंगाचा गोल भाग), १३.२ मिलिमीटरची एकूण लांबी. खुंटा बारीक चिमट्याने छिद्रातून बाहेर ओढला की तो आपोआप उघडतो आणि पापुद्र्याखाली किंवा श्वेतपटलाच्या कप्प्यात बसतो. मोजक्याच डोळ्यांत मी ते वापरले आहे. मला जाणवलेला सर्वांत मोठा गुण म्हणजे भिंग मध्यावर आणण्यासाठी झटावे लागत नाही. छिद्रे समोरासमोर असली की ते आपसूक मध्यावर येते आणि कलण्याची भीती कमी राहते. उणिवा तीन सांगता येतील. ओढताना जोर जास्त झाला तर खुंटा तुटू शकतो आणि मग ते भिंग वायाच जाते. खुंट्यावर श्वेतपटलाचे आवरण नसेल तर तो कालांतराने कंजंक्टायव्हा झिजवून वर डोकावतो. शिवाय हायड्रोफिलिक अॅक्रिलिकवर, विशेषतः डोळ्यात पुढे दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेसाठी वायू भरण्याची वेळ आली तर, कॅल्शियमचा थर बसून ते धुरकट होऊ शकते. म्हणजे ज्याच्या दृष्टिपटलाचा भरवसा नाही, त्याच्यासाठी ते विचारपूर्वकच निवडावे. किंमत हा आपल्याकडचा चौथा मुद्दा, आणि बहुतेक वेळा निर्णय तिथेच होतो.

आयरिस क्लॉ भिंगाला या पंक्तीत बसवले की काही सहकारी नाक मुरडतात. मला ते अन्यायाचे वाटते. नेदरलँडच्या यान वोर्स्ट यांचे हे भिंग आपल्याकडे अमृतसरच्या दलजित सिंग यांनी रुजवले. आज ते बाहुलीच्या मागच्या बाजूने, आयरिसच्या पेशी दोन चिमटीत धरून अडकवले जाते. श्वेतपटलाला हातही लावावा लागत नाही. सरावलेल्या हाताला या शस्त्रक्रियेला सर्वांत कमी वेळ लागतो, ग्लू नको, खास सुई नको, आणि भारतीय बनावटीची भिंगे परवडणाऱ्या किमतीत मिळतात. भिंग पीएमएमएचे असल्याने त्याला साडेपाच-सहा मिलिमीटरची वाट लागते, ही परदेशी लेखांत नेहमी दाखवली जाणारी त्रुटी. पण ज्या देशात छोट्या बोगद्यातून हाताने मोतीबिंदू काढणारे कुशल हात तालुक्यातालुक्याला आहेत, तिथे तेवढी स्वतःहून मिटणारी वाट करणे ही काही अडचण नव्हे. अट एकच: आयरिस धडधाकट हवी. मार लागून ती फाटली असेल, विरली असेल, तर भिंग कशाला धरणार? बाहुली थोडी लांबट होणे, रंगकण सांडणे, आणि धक्का लागून एक चिमटी सुटून भिंग लोंबणे हे या पद्धतीचे नेहमीचे उपद्रव. सुटलेली चिमटी पुन्हा बसवता येते, हा मोठाच दिलासा. साठीच्या पुढच्या, पुन्हापुन्हा दूरच्या गावाहून येऊ न शकणाऱ्या रुग्णासाठी माझी पहिली पसंती बहुधा हीच असते.

या सर्व पद्धतींत एक काम समान आहे आणि घाईत तेच अर्धवट राहते: व्हिट्रिअस स्वच्छ काढणे. पायाभोवती व्हिट्रिअसचा एक धागा जरी गुंतून राहिला, तरी भिंग ओढताना तो दृष्टिपटलाला ओढतो. सुया आणि चिमटे आत असताना डोळ्याचा दाब टिकवणारा द्रवप्रवाह चालू असणेही तितकेच आवश्यक. डोळा मऊ पडला की सुई ठरल्या कोनात शिरत नाही आणि रक्तस्रावाची शक्यता वाढते. एखाद्या ठिकाणी व्हिट्रिअस काढण्याचे (व्हिट्रेक्टॉमीचे) चांगले यंत्र नसेल, तर पिशवी फाटल्याच दिवशी हौसेने भिंग बांधण्यापेक्षा डोळा स्वच्छ करून, बंद करून, काही आठवड्यांनी योग्य जागी पाठवणे रुग्णाच्या हिताचे असते. त्या मधल्या काळात जाड चष्मा वापरावा लागेल, हे नातेवाइकांना नीट समजावले तर ते ऐकतात.

कोणती पद्धत सर्वश्रेष्ठ, या प्रश्नावर अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीने २०२० मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्यात कोणतीही एक पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरली नाही. टाक्याच्या पद्धतीही त्या तुलनेत होत्या, हे लक्षात घ्यावे. म्हणून एखाद्याने गोअर-टेक्सच्या धाग्याने भिंग बसवायचे सुचवले तर तो मागे पडलेला डॉक्टर आहे, असे समजण्याचे कारण नाही. ज्या पद्धतीत त्याचा हात बसला आहे, तिचे निकाल नुकत्याच शिकलेल्या यामानेपेक्षा चांगले येण्याचा संभव जास्त.

रुग्णाने आणि घरच्यांनी मात्र काही गोष्टी मागून घ्याव्यात. भिंगाच्या खोक्यातले स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावलेले हवे, आणि पद्धतीचे नाव कार्डावर स्पष्ट अक्षरांत हवे; पाच वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टराला भिंग हलवायची वेळ आली, तर पायात पीव्हीडीएफ आहे की पीएमएमए, फ्लँज आहे की खुंटा, हे त्याला त्यावरूनच कळेल. नंबराबाबत आधीच बोलून ठेवावे, कारण पिशवी नसलेल्या डोळ्यात भिंग नेमके किती खोल बसेल याचा अंदाज एखाद्या डायॉप्टरने, म्हणजे चष्म्याच्या एखाद्या नंबराने, चुकू शकतो. डोळा चोळण्याची सवय असलेल्यांना ती सोडावीच लागेल. आणि पांढऱ्या भागावर, काळ्याच्या कडेपासून थोड्या अंतरावर, बोचणारा किंवा राखाडी ठिपका दिसू लागला, त्याभोवती लाली आली, तर औषधाच्या दुकानातून थेंब आणून वाट पाहू नये. तो उघडा पडलेला पाय असू शकतो. वेळेत आलेल्या रुग्णात तो पुन्हा श्वेतपटलाखाली सरकवणे हे छोटे काम असते, पण जंतुसंसर्ग आत पोहोचल्यावर भिंगच काय, नजर वाचवणेही कठीण होऊन बसते.